बांदोल आणि बांदा

मंडळी, आधीच सांगून टाकतो, माझं वाइनशी काहीही भांडण नाही. मला वाइन आवडते, परवडेल तेव्हा पितो. भांडण आहे ते आपल्या चेहऱ्यांशी. वाइनचा ग्लास समोर आला की आपला चेहरा ग्रंथालयात बसल्यासारखा होतो आणि मोहाच्या दारूचं नुसतं नाव निघालं की उघडं गटार ओलांडताना होतो तसा. हा फरक चवीमुळे पडतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी या वीकांताचं हे पुराण.

आमच्या ऑफिसात सध्या वाइनचं फॅड आहे. टीम आउटिंग म्हटलं की नाशिक. तिथल्या एका वायनरीत ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक कुठवर खुपसायचं हे शिकवणारा मुलगा इतकं सुंदर बोलत होता की आमच्या टेस्टिंगवाल्यांना (सॉफ्टवेअर टेस्टिंग हो!) न्यूनगंड आला. त्यानं 'तेर्वार' हा फ्रेंच शब्द समजावून सांगितला. म्हणजे जमीन, उतार, वारा, पाऊस आणि तिथल्या माणसांची पिढ्यानपिढ्यांची सवय हे सगळं मिळून बाटलीत जे उतरतं ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. परतताना बसमध्ये मी विचारलं, मोहाची कुणी प्यायली आहे का? उत्तरं अशी : "ती हातभट्टी? डोळे जातील रे!" "आमच्या कामवालीचा नवरा पितो." तासाभरापूर्वीचा तेर्वार कसारा घाटात खाली पडला होता.

तर आता जरा फ्रान्सला जाऊन येऊ. फार लांब नाही, परत पनवेललाच यायचंय.

फ्रान्सची वाइन म्हटलं की आपल्याला बोर्दो आणि शॅम्पेन ही दोनच नावं माहीत असतात. भूमध्य समुद्राच्या काठावर, मार्सेय आणि तूलाँ या शहरांच्या मध्ये बांदोल नावाचं एक लहानसं बंदर आहे. तिथली रेड वाइन म्हणजे आडदांड प्रकरण. काळीकुट्ट, तुरट, कोवळी असताना प्यायलात तर कच्चं जांभूळ चावल्यासारखं तोंड आखडेल. पण दहा वर्षं थांबलात तर तिच्यासारखी तीच. आज तिथं गुलाबी रोझेच जास्त बनते, पण बांदोलचं नाव झालं ते या रेडमुळे. सगळा मिळून द्राक्षमळा साधारण दीड हजार हेक्टर. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या टेकड्या आणि त्यांवर नुसते दगड रचून केलेल्या पायऱ्या. कोकणातल्या माणसाला ते गडगे बघून घरी आल्यासारखं वाटेल.

गंमत अशी की ज्या द्राक्षावर हा सगळा डोलारा उभा आहे, ते मूर्वेद्र नावाचं द्राक्ष मूळचं तिथलं नाहीच. ते स्पेनचं. जाड सालीचं, उशिरा पिकणारं, उत्पन्न कमी देणारं. १८७० च्या सुमारास फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सचे मळे खाल्ले तेव्हा बांदोलचेही गेले. नंतर शेतकऱ्यांनी काय लावलं? जे भरपूर पिकतं ते. पोट आहे शेवटी. मूर्वेद्र कलमालाही अवघड, त्यामुळे ते जवळजवळ हद्दपार झालं. बांदोलच्या नावाखाली स्वस्त, पातळ वाइन निघू लागली.

मग तिथल्या काही शेतकऱ्यांनी हट्ट धरला. ल्युसियाँ पेरो हे त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं नाव. फ्रान्समध्ये १९३५ पासून उगमस्थानाच्या नावाला संरक्षण देणारी व्यवस्था होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये बांदोलला ते संरक्षण मिळालं. १९४१! देश युद्ध हरलेला, अर्धा भाग जर्मन सैन्याच्या टाचेखाली, आणि ही मंडळी वाइनच्या नावाचे नियम लिहून घेतायत. आजचे नियम बघा. बांदोल हे नाव फक्त आठ गावांच्या हद्दीतल्या द्राक्षालाच. रेडमध्ये निम्मं तरी मूर्वेद्र असलंच पाहिजे. हेक्टरी उत्पन्नावर मर्यादा. द्राक्ष हातानंच तोडायचं, यंत्र चालणार नाही. रेड वाइन किमान १८ महिने लाकडी पिंपात ठेवायची, त्याआधी विकायची नाही.

आता माझा मुद्दा. १९४० साली बांदोलची माती तीच होती आणि १९४२ सालीही तीच. समुद्र तोच, वारा तोच, ऊन तेच. बदलला तो कागद. त्या कागदानं छोट्या शेतकऱ्याला सांगितलं की तू कमी पिकव, जास्त थांब, अवघड द्राक्ष लाव, तुझं नाव दुसऱ्या कुणाला वापरू देणार नाही. मग चव आली. ज्याला आपण तेर्वार म्हणून माना डोलावतो, त्यात माती निम्मी आणि कायदा निम्मा असतो. कोडमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मशीन तेच असतं, कॉन्फिग फाइल बदलली की सिस्टिम वेगळी वागते.

आता पनवेल.

पनवेल हेही जुनं बंदर. गाढी नदी, खाडी, तांदळाच्या गिरण्या, १८५२ सालची नगरपालिका. शेजारी उरण. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (तेव्हा आपण ठाण्यात होतो, पुढच्या वर्षी कुलाब्यात गेलो) उरणच्या वर्णनात दोन गोष्टी ठळक आहेत : मीठ आणि दारू. उरणच्या मोरा बंदराजवळ पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या आणि तिथली मोहाची दारू मुंबईला जात असे. म्हणजे मुंबईची तहान भागवणारं बंदर आपल्या अंगणात होतं. बांदोलच्या पिंपांवर 'ब' चा शिक्का मारून ती जहाजावर चढत, तसंच साधारण.

मग फरक कुठे पडला? परत कागदच. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. दारू गाळणं म्हणजे सरकारनं ठेका दिलेल्या ठरावीक भट्ट्यांचा मामला झाला. ताडामाडाच्या झाडांवर भरमसाट कर बसला. भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध आरडाओरडा केला, संप केले, पण उपयोग झाला नाही. तरीही डोंगरातला कातकरी आणि ठाकूर घरच्या मडक्यात मोहाची गाळतच होता, कारण फूल फुकट आणि झाड दारात. त्यावर १८९२ साली मोह कायदा आला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावर बंधनं आली. हो, फुलांवर. दारू पुढची गोष्ट, घरात फूल साठवणं हाच संशय.

हे सगळं इंग्रजांना दारूचा तिटकारा होता म्हणून झालं असं समजू नका. उरणच्या भट्ट्या चालूच होत्या, त्यांच्यावरचा महसूल येतच होता. अडचण एवढीच होती की घरच्या मडक्यावर कर लावता येत नाही. म्हणून मडकं गुन्हेगार ठरलं. फ्रान्समध्ये कायद्यानं लहान माणसाच्या मालाला नाव दिलं, आपल्याकडे कायद्यानं त्याच्या मालाचं नाव काढून घेतलं. पन्नास वर्षांच्या अंतरानं, दोन समुद्रकाठांवर, एकाच हत्यारानं दोन उलट कामं.

इंग्रज गेले. १९४९ साली मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि तो अजून आहे, फक्त नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय. आज राज्याचा उत्पादन शुल्क विभाग दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचा महसूल गोळा करतो. हे वाक्य सावकाश दोनदा वाचा. मजा येईल.

आणि सरकारला मनात आणलं तर काय करता येतं तेही बघा. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं. पुढे वाइनवरच्या २० टक्के व्हॅटमधले १६ टक्के उत्पादकाला परत करणारी योजना आली. स्टॅनफर्डला इंजिनियरिंग शिकलेले आणि ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेले राजीव सामंत तोवर नाशिकला द्राक्षं लावून बसलेच होते. (आपल्यातलाच माणूस!) 'नाशिक व्हॅली वाइन' हे नाव भौगोलिक निर्देशांकाच्या यादीत गेलं. वीस वर्षांत नाशिक कुठून कुठे आलं ते आपण दर मोठ्या सुट्टीला बघतो. मला यात काही गैर वाटत नाही. उलट माझा मुद्दाच यानं सिद्ध होतो. कागद नीट लिहिला की गाव उभं राहतं. प्रश्न एवढाच आहे की तो कागद द्राक्षासाठी लिहिला जातो, मोहासाठी आणि काजूच्या बोंडासाठी का नाही?

काजूवरून आठवलं. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, आपल्या पनवेललाच सुरू होतो. तो धरून (खड्डे चुकवत) सरळ खाली गेलात की महाराष्ट्रातलं शेवटचं मोठं गाव येतं बांदा. बांदोल आणि बांदा! नावं देवानंच जुळवून ठेवलीत, बाकीचं जुळवायचं आपण विसरलो.

बांद्याच्या आजूबाजूला, सावंतवाडी-दोडामार्गात काजूच काजू. काजूही मूर्वेद्रसारखाच परका, पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला. झाडावरच्या बोंडाचं वजन बीच्या सहा ते दहा पट असतं. बी कारखान्यात जाते आणि बोंडं? बरीचशी झाडाखाली कुजतात, एका दिवसात आंबायला लागतात. काही टेम्पोत भरून सीमेपलीकडे जातात. पलीकडे, पत्रादेवीचा नाका ओलांडला की, त्याच बोंडाचा रस काढून भट्टीवर चढवला जातो. पहिली धार उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हणून जाहीर केलं. तिथे दर हंगामात काजूच्या पट्ट्यांचा लिलाव होतो आणि गावातली छोटी भट्टी परवान्यानं चालते.

अलीकडे वेंगुर्ल्याच्या काजूला निर्देशांक मिळालाय, पण बीला. बोंडाला नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली मिळाला. छान झालं, तो कांदा आहेच तसा. पण बघा, आपल्याच जिल्ह्यातला कांदा नावानिशी बाजारात जातो आणि आपल्याच जिल्ह्यातलं मोहाचं फूल अजून संशयित म्हणूनच वावरतं.

आणि तीच बोंडं दारू होऊन बाटलीतून परत आली की? बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे, तिथे गाड्या उघडून बघतात. २०२२ साली उत्पादन शुल्क मंत्र्यांनी गोव्याची दारू वारंवार आणणाऱ्यांवर मकोका लावण्याची भाषा केली होती. मकोका म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, टोळ्यांसाठी केलेला. बोंड महाराष्ट्राचं, भट्टी गोव्याची, गुन्हा पुन्हा महाराष्ट्राचा. आता बोला!

२०२२ चं आणखी एक सांगतो. त्या वर्षी आपल्या राज्य मंत्रिमंडळानं काजूची बोंडं, मोहाची फुलं वगैरेंपासून केलेल्या मद्याला 'देशी'च्या खणातून काढून 'विदेशी' मद्याच्या खणात टाकायचं ठरवलं. हेतू चांगला होता, देशी दारूचा बट्टा पुसायचा होता. पण कोकणातल्या बोंडाला आणि सह्याद्रीतल्या फुलाला इज्जत हवी असेल तर आधी परदेशी व्हावं लागतं, हे सरकारनं कागदोपत्री मान्य केलं! बांदोलच्या शेतकऱ्याला कुणी म्हणालं नसतं की तुझी वाइन उत्तम आहे, आता तिला आपण स्पॅनिश म्हणू या. आणि खण बदलल्यानं वाडीवरच्या माणसाला काय मिळतं? विदेशी मद्याचा कारखाना उभा करायला जे भांडवल, जी जागा आणि जे वकील लागतात ते कातकरी वाडीवर नसतात. म्हणजे फूल गोळा करणार ती, पहाटे उठून, मार्च-एप्रिलच्या उन्हाआधी. बाटलीवर नाव मात्र दुसऱ्याचं. उरणच्या भट्टीची गोष्ट परत पहिल्यापासून.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला : "तुला दारू वाढवायची आहे." नाही. दारूनं घरं बसतात हे मी चाळीत वाढताना बघितलंय आणि गावोगाव 'आडवी बाटली' साठी मतदान करणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. त्यांना तो हक्क असलाच पाहिजे, मी तर म्हणतो वाइनच्या दुकानालाही तोच नियम लावा. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" असं राजकारण्यांकडून ऐकायला मिळालं. गडबड झाली आणि निर्णय बारगळला, ते असो. पण तर्क तपासा. वाइन शेतकऱ्याचं भलं करते म्हणून दारू नसेल, तर मोहाची आदिवासीचं भलं करू शकते, मग ती दारू का? आणि मोहाची दारू असेल तर वाइनही दारूच. एक काहीतरी ठरवा. आमच्या धंद्यात एकाच इनपुटला दोन वेगळी उत्तरं आली तर त्याला बग म्हणतात, धोरण म्हणत नाहीत.

दुसरा : "पण हातभट्टी जीव घेते." घेते. २००४ साली विक्रोळीत, २०१५ साली मालाडच्या मालवणीत किती माणसं गेली ते आपण वाचलंय, मालवणीत शंभरावर. पण मालवणीत माणसं मेली ती मिथेनॉलनं. ते मोहाच्या झाडावर लागत नाही, कारखान्यातून येतं. चोरट्या धंद्यात ना तपासणी, ना लेबल, ना जबाबदार माणूस. म्हणून कुणीही काहीही मिसळतो. ज्याला नाव आहे, पत्ता आहे आणि ज्याचं नाव गेलं तर धंदा जाणार आहे, तो मिथेनॉल मिसळत नाही. म्हणजे हा आक्षेप खरं तर माझ्या बाजूचा आहे.

तिसरा, आणि हा फक्त आपल्यासारख्यांचा : "दर्जा नाही रे तिला." दर्जा कुठून येणार? शंभर-सव्वाशे वर्षं जी गोष्ट पोलीस येण्याआधी उरकायची असते, ती १८ महिने पिंपात कोण ठेवेल? बांदोलच्या शेतकऱ्याला थांबण्याचं संरक्षण मिळालं म्हणून त्याच्या वाइनला वय आलं. आपल्या वाडीवरच्या मडक्याला वय येऊच दिलं नाही आणि वर आपणच म्हणतो, कोवळी आहे, उग्र आहे, वास येतो.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि यातली एकही जगावेगळी नाही. एक, गावपातळीवर, बचत गटाला किंवा ग्रामसभेला परवडेल असा छोट्या भट्टीचा परवाना, ठरावीक हंगामापुरता आणि ठरावीक लिटरपुरता. दोन, प्रत्येक खेप बाहेर पडण्याआधी प्रयोगशाळेची तपासणी. आपल्याकडे दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, सगळं शून्यापासून करायची गरज नाही. तीन, नाव. रायगडच्या मोहाचं आणि सिंधुदुर्गाच्या बोंडाचं, गावांच्या यादीसकट, 'देशी' आणि 'विदेशी' दोन्ही खणांच्या बाहेर. चार, करात आणि निर्बंधात वाइनला जे, तेच यांना. सवलत तर सवलत, बंदी तर बंदी.

सुरुवात झालेलीच नाही असंही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर जंगलातल्या लोकांचा हक्क मान्य केला. २०२१ साली राज्यानं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध सैल केले. म्हणजे १८९२ ला अडकलेलं फूल सुटायला १२९ वर्षं लागली. पण सुटलं ते फक्त फूल. पुढचा कागद अजून लिहायचाय.

तो लिहिताना आपला काय संबंध, असं वाटेल. आहे. मागणी कुठून येते हे सरकार बघतं आणि नाशिकची मागणी आपण तयार केली, वीकांताला गाड्या भरभरून जाऊन. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या पनवेल तालुक्यात विमानतळाचं उद्घाटन झालं. पनवेल पुन्हा बंदर झालं, फक्त होड्यांच्या जागी विमानं आली. विमानतळ म्हटला की दारूचं दुकान आलंच. तिथल्या फळीवर फ्रान्सची बाटली असेल, स्कॉटलंडची असेल, नाशिकची असेल, बहुतेक गोव्याचीही असेल. ज्या जमिनीवर ते दुकान उभं आहे तिथली एकही नसेल. कारण तिथली बाटली आजही प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये असते आणि ती भरणारी बाई कोर्टाची तारीख विचारत पनवेलच्या बसस्टॅंडवर उभी असते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ग्लास फिरवत तेर्वार समजावून सांगायला लागला की त्याला जरूर ऐका, चांगली गोष्ट आहे. आणि मग एवढंच विचारा, आमच्याकडच्या मातीला हा शब्द लावायला परवाना कुठल्या खिडकीवर मिळतो?